पेटी भरली की पत्र माघारी जाते

पावसाळ्यात खडकवासल्याचे धरण भरू लागले की पुण्यात साऱ्यांच्या तोंडी आकडे येतात. या धरणाची उपयुक्त साठवण १.९७ टीएमसी, तर वरच्या पानशेतची १०.६५. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचे पाणी अखेर याच लहान धरणात उतरते. म्हणून ते लवकर भरते आणि मुठेच्या पात्रात विसर्ग सुरू होतो. आपल्या ई-मेलच्या पेटीची रचना समजण्यास हे चित्र उपयोगी आहे. भेद एकच: ई-मेलच्या पेटीला सांडवा नसतो. ती भरली की आतले जुने काही आपोआप बाहेर जात नाही. नवे पत्रच दारातून परत पाठवले जाते.

जीमेलचे उदाहरण घेऊ. तेथे खातेदारास १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. पण ती एकट्या पत्रांसाठी नव्हे. जीमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांचा साठा तीच. पूर्वी किंचित दाबलेल्या प्रतीचे फोटो या हिशेबात धरत नसत. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले असे फोटोही धरले जातात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा आता याच जागेत मोजला जातो. त्यामुळे पत्रे मोजकीच असूनही पेटी तुडुंब, असे घडते. रोज पहाटे येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रफितींचा यातील वाटा वाचकांनी स्वतःच तपासावा!

पेटी भरल्याची सूचना पडद्यावर येते, पण जे ज्येष्ठ आठवड्यातून एकदाच ई-मेल उघडतात त्यांना ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. परत गेलेल्या पत्राची वार्ता पाठवणाऱ्यास मिळते, आपल्यास नाही. आणि पाठवणारा जर बँकेचे वा विमा कंपनीचे स्वयंचलित यंत्र असेल, तर ती वार्ता कोण वाचणार? तपासणीचा अहवाल, प्रवेशाचे पत्र, विम्याच्या हप्त्याची आठवण, यांपैकी काय आले नाही हे आपणांस कळण्याचा मार्गच उरत नाही. मर्यादा ओलांडलेली स्थिती दोन वर्षे तशीच राहिली, तर गूगल साठवलेला मजकूर पुसूही शकते.

दुसरी मर्यादा एकेका पत्राच्या आकाराची. जीमेलमधून एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच जोडपत्रे पाठवता येतात; अनेक कार्यालयांच्या पेट्या तर १० एमबीच्या वरचे पत्र स्वीकारत नाहीत. मुळात ई-मेल साध्या अक्षरांसाठी निर्माण झाली. छायाचित्र तिच्यातून न्यायचे तर त्याचे रूपांतर अक्षरांत करावे लागते आणि त्यात दर तीन बाइट्सची चार अक्षरे होतात. म्हणजे १८ एमबीचे जोडपत्र वाटेत सुमारे २४ एमबीचे होते. विवाहेच्छुकांची परिचयपत्रे व फोटो पाठवताना ‘फाइल तर मर्यादेतच होती’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. परिचयपत्राचे एक पान वाचनीय राहून अर्ध्या एमबीतही सहज मावते. फोटोही पाठवण्यापूर्वी लहान करून घ्यावा. आणि पाठवलेल्या पत्राची प्रत आपल्या ‘सेंट’ कप्प्यात राहते, तीही जागा अडवते, हे विसरू नये.

जागेची ही चंगळ तशी अलीकडचीच. हॉटमेल १९९६ साली सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी सबीर भाटिया यांचे काही शालेय शिक्षण पुण्याच्या बिशप्स शाळेत झाले. २००४ साली हॉटमेलची विनामूल्य पेटी अवघ्या २ एमबीची होती. त्या वर्षी १ एप्रिलला गूगलने १ जीबीची पेटी जाहीर केली, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. दोन एमबीच्या काळात लोक पत्रे वाचून पुसत असत. पुढे ती सवय सुटली.

आता आवराआवर. गूगल खात्याच्या स्टोरेज विभागात पत्रे, फोटो व फाइली यांनी किती जागा व्यापली हे वेगवेगळे दिसते. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, तिथूनच आरंभ करावा. तेथेच मोठ्या जोडपत्रांची पत्रे एकत्र दाखवणारी सोयही आहे. शंभर किरकोळ पत्रे पुसण्यापेक्षा अशी दहा पत्रे पुसली तर अधिक जागा सुटते. पुसलेले पत्र ‘बिन’मध्ये तीस दिवस राहते आणि तोवर जागा अडवतच असते, म्हणून बिनही रिकामी करावी, मात्र एकदा नीट पाहून. फोटोंच्या बाबतीत अधिक सावध राहावे. गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो बॅकअप चालू असलेल्या फोनमधूनही जातो. लग्नाचे, तीर्थयात्रेचे, आजी-आजोबांचे फोटो आधी स्वतंत्र हार्ड डिस्कवर उतरवून, ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही हे पाहून, मगच पुसण्यास हात घालावा.