खोक्यावर तारीख छापा!

परवा नंदुरबारच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात मी चांगला पाऊण तास उभा होतो. मला स्वतःला काही घ्यायचं नव्हतं. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा माझा जुना विद्यार्थी भेटायला आला होता, त्याचा फोन 'बिघडला' होता. बिघडला म्हणजे काय, तर काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते, बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पण बँकेचं अ‍ॅप उघडलं की एकच ओळ येते : हे अ‍ॅप तुमच्या फोनवर आता चालणार नाही. आमचूर विकून जपून ठेवलेल्या पैशातून त्याने २०१९ च्या दिवाळीत तो फोन घेतला होता. आता बँकेचं काम म्हटलं की शाखा गाठायची. म्हणजे जीपचं भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही गेली.

दुकानातला पोरगा हुशार. फोन उलटा-पालटा करून म्हणाला, "दादा, फोनला काही झालेलं नाही, पण याचं अँड्रॉइड जुनं झालं. आता नवाच घ्या. हा बघा, पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा!"

मी म्हटलं, "कॅमेरा राहू दे बाळा. बँकेचं अ‍ॅप यात किती वर्षं चालेल, ते सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, असं कोणी विचारत नाही."

मी चष्मा लावून खोकं वाचलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय! कॅमेऱ्याचा आकडा ठळक अक्षरात होता. किंमत होती, बनवल्याचा महिना होता. पण हा फोन कधीपर्यंत उपयोगाचा राहील, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. अहो, दोन रुपयांच्या गोळीच्या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख असते. दहा हजारांच्या वस्तूवर का नको? हा लेख एवढ्या एका प्रश्नासाठी आहे.

आता मोबाईल कंपन्यांची शर्यत कशी चालते ते बघा. पहिली शर्यत कॅमेऱ्याची. २०२० मध्ये १०८ मेगापिक्सेलचे फोन आले, २०२२-२३ मध्ये २०० चे आले. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. आपण जरा गणित करू. ज्या पडद्यावर आपण फोटो पाहतो तो साधारण १०८० गुणिले २४०० बिंदूंचा, म्हणजे सव्वीस लाख बिंदूंचा. अडीच मेगापिक्सेलच्या वर त्यात काही दिसूच शकत नाही. बरं, ए-फोर कागदावर उत्तम छपाई करायची म्हटली तरी नऊ मेगापिक्सेल पुरतात. आणि तो २०० वालासुद्धा नेहमीच्या वापरात सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मंद उजेडात याचा फायदा होतो, हे मान्य. पण पुढे तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाताना आणखी आक्रसतो. म्हणजे हंडाभर पाणी ओढायचं आणि पेलाभर प्यायचं!

दुसरी शर्यत बाजारात कोण कधी उतरतो याची. ॲपलचा फोन सप्टेंबरात, सॅमसंगचा वरच्या किमतीचा फोन वर्षाच्या सुरुवातीला, आणि आपल्या देशात दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांचीच झुंबड. यात आमच्यासारख्या जिल्ह्याचं काय होतं? पुण्या-मुंबईत नवा फोन आला की मागचा स्वस्त होऊन आमच्या बाजारात येतो. घेणाऱ्याला वाटतं, नवा कोरा फोन, दोन हजार कमीत मिळाला! पण कंपनी अपडेटची वर्षं मोजते ती फोन बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. माझ्या विद्यार्थ्याने २०१९ मध्ये घेतलेला फोन दोन वर्षांपूर्वीचं अँड्रॉइड घेऊनच आला होता. त्याची दिवाळी नवी होती, फोनचं आयुष्य मात्र आधीच खर्ची पडलेलं होतं. हे त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही.

अपडेट का थांबतात, याचं कारणही साधं आहे. गुगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढतं. ती जुन्या फोनवर बसवायची तर आधी चिप बनवणाऱ्याने काम करायला हवं, मग फोनच्या कंपनीने. दोघांनाही त्यात खर्च, आणि पैसे मिळतात फक्त नवा फोन विकला तरच. मग महागड्या फोनला अपडेट आणि गरिबाच्या फोनला टाटा! गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वरच्या किमतीच्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. म्हणजे हे करता येतं. आठ-दहा हजारांच्या फोनला हाच न्याय लावायची वेळ आली की मात्र बहुतेक कंपन्या गप्प.

कोणी म्हणेल, गुरुजी, खेड्यातल्या माणसाला अपडेट कशाला हवेत? तो कुठे कॉम्प्युटर इंजिनिअर आहे? मंडळी, खरी मेख इथेच आहे. शहरातल्या माणसाला कॅमेरा हौसेसाठी लागतो. आमच्याकडे तो पुराव्यासाठी लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर नोंद. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोन फोटो काढून ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलने ओळखणं सक्तीचं झालं. पीक, मजुरी आणि लेकराचा घास, तिन्ही गोष्टी आता फोनच्या डोळ्यासमोरून जातात. यासाठी दोनशे मेगापिक्सेल लागत नाहीत. ॲप उघडलं पाहिजे, एवढंच लागतं.

आणि नाही उघडलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी फोन मिळाले, दोन जीबी रॅमचे. पुढे पोषणाच्या नोंदींचं नवं ॲप आलं, ते त्या फोनना पेलवेना. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. दोन वर्षांत भंगार! कंपन्यांची शर्यत सुरूच होती, पण त्या बायांसाठी त्यात कोणी पळत नव्हतं.

आमचा जिल्हा या बाबतीत उगाच कुरकुर करणारा नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. मी त्याच वर्षी निवृत्त झालो, म्हणून ती तारीख पक्की लक्षात आहे. आमच्या लोकांनी आधी बोटांचे ठसे दिले, मग ओटीपी दिला, आता चेहराही देताहेत. आम्ही आमची बाजू पाळली. निदान हातातलं यंत्र तरी साथ देईल की नाही, हे आधी कळायला नको?

स्पर्धेचा मी शत्रू नाही. स्पर्धेमुळेच फोन स्वस्त झाले, २०१६ नंतर इंटरनेट पाड्यापर्यंत पोचलं (जिथे टॉवर आहे तिथे, हेही सांगितलं पाहिजे). आणि एके काळी हीच स्पर्धा आमच्या गरजेचीही होती. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवतो? कॅमेरा नाही, पण टॉर्च होती, आणि बटणांत धूळ शिरत नसे. जगभर पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला! पण स्पर्धा जाहिरातीत दिसतं त्याच गोष्टीची होते. कॅमेरा दुकानात दाखवता येतो. पाचव्या वर्षी फोन चालेल की नाही, हे काउंटरवर दाखवता येत नाही. म्हणून तिथे कायदाच लागतो.

आणि कायदा केला की कंपन्या मुकाट्याने ऐकतात, हाही अनुभव आहे. १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटात मदत मागायचं बटण सक्तीचं झालं. त्याने कोणाचं दिवाळं निघालं? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कंपनीला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत देणार ते जाहीर करावंच लागतं. युरोपीय संघ तर २० जून २०२५ पासून पुढे गेला आहे. त्या मॉडेलचा शेवटचा फोन बाजारात आल्यावर पुढे किमान पाच वर्षं अपडेट, आणि सात वर्षं सुटे भाग. शेवटच्या फोनपासून मोजणी, हे लक्षात घ्या! म्हणजे दिवाळीत जुना माल घेणाराही फसत नाही. याच कंपन्या तिथे हे पाळतात. मग युरोपातल्या माणसाचा फोन माणसाचा, आणि आमच्या पाड्यावरच्या माणसाचा फोन काय खेळणं आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मराठीतही छापा : या फोनला अमुक तारखेपर्यंत अपडेट मिळतील. मग खुशाल दोनशेचे चारशे मेगापिक्सेल करा.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी तो फोन घेतलाच. काय करणार बिचारा? निघताना मला म्हणाला, "सर, हा तरी पोरगी दहावी होईपर्यंत चालेल ना?" पोरगी सहावीत आहे. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मुलांना उत्तरं दिली, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुकानदाराकडेही नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याने ते खोक्यावर छापलेलं नव्हतं.

असो. तुम्ही पुढच्या वेळी फोन घ्यायला जाल, तेव्हा कॅमेऱ्याआधी तारीख विचारा. 'असं कोणी विचारत नाही' असं तो पोरगा पुन्हा कोणाला म्हणू शकता कामा नये.