निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांची नोंद आणि मर्यादा यांबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील निवासी डॉक्टरांमधील बर्नआउट रोखण्यासाठी करावयाची उपाययोजना

महोदय,

राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांचा रात्रीचा कारभार प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांवर चालतो. अपघात विभागात आलेला रुग्ण प्रथम तपासणे, त्याला वॉर्डात दाखल करून घेणे, रात्रभर त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि सकाळच्या राउंडपूर्वी केसपेपर पूर्ण करणे ही सर्व कामे त्यांच्याकडे असतात, आणि युनिटच्या इमर्जन्सीची रात्र संपली तरी दुसऱ्या दिवशीची ओपीडी किंवा शस्त्रक्रियांची यादी त्यांना बहुधा सुटत नाही. या कार्यपद्धतीमुळे होणारी हानी आणि ती थांबवण्याचे मार्ग शासनासमोर मांडण्यासाठी हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि आटोक्यात न आणलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची गणना आजारांमध्ये न करता व्यवसायाशी संबंधित घटनांमध्ये केली असून तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती पूर्णपणे ओसरणे, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही अशी भावना बळावणे. रुग्णालयात यांपैकी दुसरे अंग सर्वाधिक घातक ठरते, कारण नातेवाइकांवर खेकसणारा किंवा रुग्णाला केवळ खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागलेला डॉक्टर अनेकदा मुळात कठोर नसतो, तर त्याच्यातील आस्था झोपेअभावी आणि कामाच्या रेट्याने झिजलेली असते. या अवस्थेचे मूळ कामाच्या रचनेत असल्यामुळे केवळ योगवर्ग, प्रेरक व्याख्याने किंवा ताणमुक्तीची शिबिरे भरवून ती टळत नाही. ड्युटीनंतर शिबिराला सक्तीने बसवलेल्या डॉक्टरची तर उरलेली झोपही जाते.

झोपेच्या अभावाचा परिणाम मोजता येतो. सलग २४ तास जागे राहिलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांचा आणि हातांचा समन्वय १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतका खालावतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले, आणि आपल्याकडील मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. बोस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या नवशिक्या डॉक्टरांच्या हातून कमी तासांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडल्याचे आढळले. म्हणजेच हा प्रश्न डॉक्टरांच्या कल्याणाइतकाच रुग्णांच्या सुरक्षिततेचाही आहे.

या बाबतीत नियम नाहीत असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजीच निवासी डॉक्टरांसाठी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांपेक्षा अधिक काम नाही आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी अशी मर्यादा सुचवली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत मात्र ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच शब्द आहेत, आणि आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. १९९२ ची मर्यादा व्यवहारात का उतरली नाही याचे उत्तर सोपे आहे : निवासी डॉक्टर ड्युटीवर केव्हा आला याची नोंद होते, परंतु तो केव्हा सुटला याची होत नाही, आणि ज्याची नोंदच नाही त्याच्या उल्लंघनाबद्दल कोणालाही जबाबदार धरता येत नाही. त्यातच वेतनाचा प्रश्न आला की तो विद्यार्थी ठरतो आणि रात्रपाळीचा प्रश्न आला की कर्मचारी, त्यामुळे दोन्ही बाजूंचे संरक्षण त्याच्या वाट्याला अपुरेच येते.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी आहे की प्रत्येक निवासी डॉक्टरच्या येण्याची आणि सुटण्याची वेळ नोंदवली जावी, विभागनिहाय साप्ताहिक तास दरमहा जाहीर केले जावेत आणि मर्यादा ओलांडली गेल्यास लेखी खुलासा विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्याकडून घेतला जावा, निवासी डॉक्टरकडून नव्हे. ७४ तास ही मर्यादादेखील फार मोठी आहे. तरीही ती तातडीने बंधनकारक करावी आणि १९९२ च्या मर्यादेपर्यंत पोचण्याचा कालबद्ध आराखडा शासनाने जाहीर करावा. इमर्जन्सीच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णांची माहिती पुढील पथकाकडे सोपवताच डॉक्टरला सक्तीने मोकळे करावे.

तास कमी करताना काम कोण करणार हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे काही उत्तर वॉर्डातच सापडते. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, अहवालांसाठी फेऱ्या मारणे, ट्रॉली ढकलणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे संगणकात भरणे ही कामे निवासी डॉक्टरांवर पडतात, ती केवळ मनुष्यबळ अपुरे असल्यामुळे. परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातील मामा-मावशी आणि लिपिक यांची रिक्त पदे भरल्यास शिक्षणाचा एकही तास न गमावता डॉक्टरांचे बरेच तास वाचतील.

केवळ तास कापून भागत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेत २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी लागू केलेली सलग १६ तासांची मर्यादा २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. पाळ्या वाढल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात वारंवार जातो आणि माहिती मध्येच गळते, हा तेथील मुख्य आक्षेप होता. त्यामुळे पाळी बदलताना वरिष्ठांच्या उपस्थितीत, ठरावीक नमुन्यात माहिती सोपवण्यासाठी स्वतंत्र वेळ ड्युटीतच धरला जावा.

मानसोपचाराची मदत महाविद्यालयाबाहेरील तज्ज्ञांकडून मिळावी आणि तिची नोंद विभागापर्यंत पोचू नये, कारण परीक्षा घेणारे अध्यापक त्याच विभागात असतात आणि निकालावर परिणाम होईल या भीतीपोटी मदत घेणे टाळले जाते. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यावर लादला जाणारा आर्थिक दंड रद्द करावा, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना केलेली आहे; ती राज्याने विनाविलंब स्वीकारावी, जेणेकरून असह्य झालेल्या परिस्थितीतून बाहेर पडण्याचा मार्ग कोणत्याही डॉक्टरसाठी पैशाअभावी बंद राहणार नाही.

वरील मागण्यांवर निवासी डॉक्टर, अध्यापक आणि परिचारिका यांच्या प्रतिनिधींसह बैठक बोलवावी आणि तास नोंदवण्याबाबतचा शासन निर्णय पुढील तुकडी रुजू होण्यापूर्वी निर्गमित करावा, अशी विनंती आहे.

आपले विश्वासू,
निवासी डॉक्टर व अध्यापक यांच्या वतीने निवेदनकर्ते