कुत्र्याचा लाल डोळा आणि माणसाचे थेंब

“कुत्र्याचा डोळा लाल झालाय, थेंब लिहून द्या,” अशी मागणी माणसांच्या डॉक्टरकडेही होते. पुष्कळजण तर घरातली उरलेली बाटलीच वापरतात. माझ्या मते ही सवय घातक आहे. तो लाल डोळा काचबिंदूचा असू शकतो.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते व बुबुळाच्या कडेने त्याचा निचरा होतो. निचरा अडला की दाब वाढतो व नजरेच्या नसेला इजा होते. हाच काचबिंदू. माणसात तो बहुधा वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. कुत्र्यात मात्र अनेकदा एकाएकी येतो आणि एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. कॉकर स्पॅनियल, बीगल, बॅसेट हाउंड या जातींत तो आनुवंशिक असतो. इतर कुत्र्यांत मार, डोळ्याच्या आतली सूज किंवा भिंग सरकणे ही कारणे असतात.

ओळखावे कसे? डोळा लाल, बुबुळ निळसर-धुरकट, बाहुली मोठी व उजेडातही लहान न होणारी. मुके जनावर दुखणे सांगत नाही. ते कोपरा धरते, खाणे सोडते, डोक्याला हात लावू देत नाही. डोळा मोठा दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मांजरात तर लक्षणे फारच सौम्य असतात.

डोळे येणे किंवा जखम यातही डोळा लाल होतो. म्हणून खात्रीसाठी दाब मोजावाच लागतो. डोळा बधिर करणारा थेंब टाकून टोनोमीटरने तो काही मिनिटांत मोजता येतो. कुत्र्यात साधारण १० ते २५ मिलिमीटर (पारा) दाब ठीक समजतात. दोन्ही डोळे तपासावेत, कारण दुसराही पुढे बिघडण्याची भीती असते. निदानाआधी ॲट्रोपिनचे थेंब टाकल्यास दाब आणखी वाढू शकतो; स्टिरॉइडने बुबुळाची जखम चिघळते.

शियोट्झचा साधा टोनोमीटर १९०५ सालचा आहे. निदान तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तरी असे उपकरण हवे, ही मागणी अवास्तव नाही. तोवर आपल्या हाती एवढे आहे: लाल, धुरकट डोळा दिसताच बाटली न शोधता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.