पगाराचा आकडा आणि त्याचे बारदान

मालाचे पोते काट्यावर चढले की बारदानाचे वजन वजा केल्यावाचून आपल्यापैकी कोणी त्याचा दाम चुकता करीत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा वा मुलगी पुण्यास किंवा बंगळूरास नोकरीस लागली, म्हणजे नेमणूकपत्रावरील वार्षिक आकडा बाराने भागून आपण मोकळे होतो, आणि त्या भागाकाराच्या भरवशावर घरभाड्याचे व कर्जाच्या हप्त्यांचे बेत ठरवितो. हिशेबात मुरलेल्या समाजास हे शोभत नाही, असे आम्हांस वाटते.

नेमणूकपत्रात ‘सीटीसी’ म्हणून जो आकडा असतो, तो मालकाचा त्या माणसावरील एकूण खर्च होय. नोकराची मिळकत नव्हे. उदाहरणार्थ, ६,००,००० रुपयांचा आकडा घ्या आणि त्यात मूळ वेतन ३,००,००० आहे असे धरा. पूर्ण मूळ वेतनावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे ३६,००० रुपये, आणि ग्रॅच्युइटीची सुमारे १४,४०० रुपयांची तरतूद बहुधा ह्याच आकड्यात बसविलेली असते. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम ६०,००० असेल, तर ती मिळेलच असे नाही. उरले ४,८९,६००. त्यातून नोकराचा स्वतःचा निधीहिस्सा ३६,००० कापला जातो. प्राप्तिकर व व्यवसायकर बाजूस ठेवले, तरी हाती महिन्यास ३७,८०० रुपये येतात, ५०,००० नव्हेत.

वजा झालेले सारेच बुडाले, असे मात्र नाही. निधी ही उतारवयाची पुंजी आहे. ग्रॅच्युइटी कायम नोकरास सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ती आपली समजू नये. भत्ते फुगवून मूळ वेतन लहान ठेवण्याच्या जुन्या युक्तीसही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने आळा घातला आहे. वेतनातून वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर अधिकाचा भाग वेतनातच धरावा लागतो.

परंतु परक्या कंपनीस हिशेब विचारणाऱ्यांनी आपल्या पेढीकडेही पाहावे. आपले मुनीम व दिवाणजी ह्यांस पगाराचा तपशील आपण लेखी देतो काय? दहा वा अधिक माणसे असलेल्या दुकानास ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, हे किती पेढ्यांच्या वहीत नोंदलेले आढळेल? विश्वासाने दिलेला शब्द मोलाचा खराच. पण मालक बदलला, वा वारस आला, की शब्दाची साक्ष कोणी देत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, नेमणूकपत्र हाती आले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी ते मुलांसह बिलाप्रमाणे ओळीओळीने तपासावे. आणि येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने आपल्या माणसांस असाच स्वच्छ तपशील लिहून द्यावा. घेताना एक माप आणि देताना दुसरे, असे आपल्या व्यवहारात नसावे.