ग्राह्य ताम्राचा विचार शोधनापूर्वी

ताम्रभस्माच्या गुणवत्तेची चर्चा निघाली की ती बहुधा शोधन, मारण आणि अमृतीकरण यांभोवतीच फिरते. मूळ ताम्र कोठून आणले, हे क्वचितच विचारले जाते. भंगारातील भांडी वा तारा आणून ‘शोधनाने सर्व दोष जातात’ असे समाधान आपण मानून घेतो. आमच्या मते हे समाधान घातक आहे.

ताम्रशुद्धीच्या भट्टीत काय घडते ते पाहावे. ताम्र सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात हवा फुंकली असता लोह, जस्त हे धातू ताम्राच्या आधी ऑक्सिजनशी संयोग पावून मळीच्या रूपाने वर येतात व ती मळी काढून टाकतात. आर्सेनिक व अँटिमनी यांच्यासाठी धुण्याच्या सोड्यासारखे क्षार घालावे लागतात. शेवटी ओली लाकडे रसात बुडवून उरलेला ऑक्सिजन कमी करतात. इतके करूनही शुद्धता साधारण ९९.५ टक्के भरते, ९९.९९ टक्क्यांसाठी विद्युत्-विश्लेषणच लागते.

आपल्या सामान्य शोधनात ताम्रपत्रे तापवून तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत प्रत्येकी सात वेळा बुडवितात. येथे ताम्र वितळत नाही. मग आत मिसळलेले शिसे वा आर्सेनिक मळी होऊन वेगळे कसे व्हावे? यामुळे शोधनाचे महत्त्व उणावत नाही. मात्र भट्टीचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये.

ग्रंथकारांनी हे जाणले होते. म्हणूनच नेपाळ ताम्र ग्राह्य व म्लेच्छ ताम्र हीन असा विवेक त्यांनी केला, आणि ग्राह्य ताम्र मृदू व घणाचे घाव सोसणारे असावे असे सांगितले. बिस्मथच्या अल्पांशानेही ताम्र ठिसूळ होते, हे आधुनिक धातुशास्त्रही सांगते. परंतु अल्प आर्सेनिक घणाखाली उघडे पडत नाही. जुन्या भांड्यांच्या कल्हईत शिसे असू शकते. दह्याची परीक्षाही केवळ मुक्त ताम्र दाखविते, शिसे नव्हे.

सन २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे ‘जामा’ने प्रसिद्ध केले. त्या टीकेला उत्तर शब्दांनी नव्हे, नोंदींनी द्यावे लागते. फार्मसीचालकांनी विद्युत्-शोधित ताम्रच प्रमाणपत्रासह घ्यावे, आणि शिसे व आर्सेनिक यांची तपासणी शोधनापूर्वी व भस्म सिद्ध झाल्यावर करावी. वैद्यबंधूंनीही भस्म घेताना ते अहवाल मागावेत. रुग्ण आपल्या विश्वासावर पुडी घेतो. तो विश्वास भंगारावर उभा राहू नये.