खरं कवन कोणतं?



आपल्या शाहिरांच्या कवनाला काही शहाणे लोक कविता म्हणायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, हा नुसता प्रचार. सभेला माणसं जमवायची म्हणून डफ वाजवायचा, यात कला कसली? उलट आपल्यातले काही भाऊ म्हणत्यात, बावट्याचं नाव घेतलं की झालं काव्य, बाकी सगळे शेटजींचे चोचले. माझ्या मते दोघंही चुकत्यात.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानं गाजवली. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. तिची सुरुवात राज्याच्या मागणीनं होत नाही. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावाला मागं राहिलेली त्याची अस्तुरी, इथून ती सुरू होते. आपल्यात कुणाच्या घरात हे घडलं नाही? तो तिचं रूप आठवतो, निघतानाचं तिचं तोंड आठवतो. आणि ऐकता ऐकता नवराबायकोची ताटातूट आणि मराठी मुलुखाची ताटातूट एकच होऊन जाते. शाहीर मैनेला बाजूला ठेवून भाषण करत नाही. मैनेच्या दुःखातूनच त्याचं भाषण निघतं. नुसती घोषणा असती तर सभेबरोबर विरली असती. १ मे १९६० ला राज्य झालं, पण बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिली. म्हणून ते गाणं जुनं होत नाही.

साचेखात्यातल्या माणसाला कापड कळतं. ताण्याची तार तुटली आणि साचा तसाच रेटला, तर तागा लांबीला भरतो, पण कापडात उभी फट दिसते. कवनाचंही तसंच आहे. ताणा आपल्या जगण्याचा, बाणा लढ्याचा. एकट्यानं कापड होत नाही.

आणि डफ वाजलाच पाहिजे असंही नाही. नारायण सुर्वे हे गिरणी कामगारानं सांभाळलेलं अनाथ पोर. त्यांचं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे पुस्तक १९६२ साली आलं. त्यातली कविता शेजारी बसून बोलल्यासारखी आहे. तरी ती आपलीच. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सुर्व्यांना मिळालं. पंडितांनी मान दिला म्हणून कविता खरी ठरली नाही; ती खरी होती म्हणून मान द्यावा लागला!

तेव्हा भावांनो, आपल्या स्टेजवर कुणी कच्चं कवन म्हटलं, तर आपला माणूस म्हणून टाळ्या देऊ नका. १०६ हुतात्म्यांच्या नावाला यमक जुळवून हलका माल खपवणं हा त्यांच्या रक्ताचा अपमान आहे. त्याला बाजूला घ्या आणि विचारा, गड्या, यात तुझी चाळ कुठं आहे, तुझी माय कुठं आहे, रातपाळीचं जागरण कुठं आहे? आपण पगार चोख मागतो, हिशेब चोख मागतो. मग गाणंही चोखच मागूया!