कच्च्या लिंबालाही डाव हवा



सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पोरे मोबाईलमधून डोके वर काढीत नाहीत. तक्रार खरी आहे. पण फोन हिसकावून घेण्याआधी आत काय चालले आहे, ते एकदा शेजारी बसून पाहावे. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो. मग पोराच्या हातातल्या खेळाचे दात कोणी पाहायचे?

ज्या ब्राउझरमध्ये आपण बाजारभाव आणि हवामान पाहतो, त्यातच उघडणारे काही खेळ असतात. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. त्यांतला एक प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘कुकी क्लिकर’. ज्युलियन थिएनो या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो २०१३ साली काढला. बिस्किटाच्या चित्रावर बोट दाबले की एक बिस्किट मिळते. बिस्किटे साठली की त्यांतून आजी, शेत, खाण, कारखाना विकत घ्यायचा, म्हणजे बिस्किटे आपोआप होत राहतात. एप्रिल २०१८ मध्ये त्याने या खेळाच्या पोटात आणखी एक छोटा खेळ घातला. तो आहे बागेचा. तुम्हा-आम्हाला पाहण्यासारखा आहे तो हाच.

या बागेत वाफे असतात, माती बदलता येते आणि तण उगवते. दोन पक्व गव्हाची रोपे जवळजवळ असली, तर शेजारच्या रिकाम्या वाफ्यात कधी कधी मका उगवतो! वाचून हसू येईल, पण दोन रोपांच्या संकरातून नवे वाण काढायचे ही कल्पना पोराच्या डोक्यात पक्की बसते. असे करीत एकूण ३४ बियाणी जमवायची असतात. सगळी जमली की एक पदक मिळते. अशी लहानमोठी सहाशेहून अधिक पदके या खेळात आहेत.

आता खोट कुठे आहे ते पाहू. बागेतल्या एका खास बिटाचे रोप हवे असेल, तर राणीबिटाची आठ पक्व रोपे एका रिकाम्या वाफ्याभोवती लावावी लागतात. मग दर पाळीला ते उगवण्याची संधी हजारात एक. साध्या मातीत पाळी पाच मिनिटांची. म्हणजे अशा एका वाफ्यासाठी सरासरी ८३ तास झाले. लाकडाचा भुसा घातला तर संधी तिप्पट होते, पण तो मिळण्याआधी तीनशे शेते विकत घ्यावी लागतात. आणि खेळ बंद केला की बाग वाढत नाही. ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे, त्या घरच्या पोराने काय करायचे? हा खेळ त्याच्यासाठी नाही, असेच ते न बोलता सांगणे झाले.

आणखी एक पदक आहे. ३४ बियाणी जमल्यावर ती सगळी अर्पण करून टाकायची. बदल्यात साखरेचे दहा खडे मिळतात. एरवी एक खडा पिकायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे महिनोन् महिने जमवलेले बियाणे दहा दिवसांच्या साखरेसाठी द्यायचे. दुष्काळातही शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही, हे पोराला सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. अवश्य सांगा.

मग चांगला खेळ कसा ओळखावा? आपल्याकडे लगोरी खेळताना धाकटे भावंड रडू लागले, तर त्याला ‘कच्चे लिंबू’ करून घेत. तो बाद झाला तरी बाद नाही, पण डावात मात्र आहे. कोणाला लागले, दम लागला, तर ‘टाइमप्लीज’ म्हणून थांबता येई. त्यामुळे खेळाची गंमत कमी होत नसे, खेळणारे वाढत. मोबाईलवरच्या खेळालाही हीच कसोटी लावा.

पहिली गोष्ट, वेग कमी करता येतो का? गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये नेट गेले की उड्या मारणारा डायनासोर येतो. हा खेळ २०१४ पासून आहे. त्यात आता सावकाश सुरुवात करण्याची सोय आहे. आजोबाही खेळू शकतील.

दुसरी, नुसत्या रंगावर सगळे अवलंबून आहे का? काहींना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. हे जन्मजात असते आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळते. अशा मुलाला हिरव्या झाडावरची लाल मिरची चटकन दिसत नाही. तो आळशी नसतो. वर्डल या शब्दखेळात हिरव्या-पिवळ्याऐवजी नारिंगी-निळा रंग घेता येतो. रंगाबरोबर आकार किंवा खूण दिली तर आणखी बरे.

तिसरी, चित्र फार लखलखते का? सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे चित्र नको, असा वेबच्या सुगम्यतेचा दंडक आहे. फिट येणाऱ्या मुलाला त्याने अपाय होऊ शकतो.

चौथी, पदक कशाचे आहे? नुसते बसून राहण्याचे असेल, तर ते पदक नव्हे, पहारा आहे. काही नवे करून पाहिल्याचे असावे, किती वाट उरली ते दिसावे आणि एक दिवस चुकला म्हणून मागचे पुसले जाऊ नये.

एक व्यवहाराची गोष्ट. असा खेळ बहुधा ब्राउझरच्या पोटातच साठवलेला असतो. फोन साफ करताना तो पुसला जातो. कुकी क्लिकरमध्ये आपली प्रगती मजकुराच्या रूपाने बाहेर काढून जपता येते. बियाणे दोन जागी ठेवावे, तसेच हे.

गावातली काही मुले आता प्रोग्रॅमिंग शिकत आहेत. त्यांना आमचे सांगणे : खेळ मराठीत करा, बटणे जाड बोटाला सापडतील एवढी मोठी ठेवा, नेट नसतानाही चालेल असे पाहा.

आणि पालकांनो, बाग खेळणाऱ्या पोराला पेरणीआधी एक खरा डाव द्या. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायला सांगा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावून, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. पाच ते सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा अधिक निघाले तर शिफारशीइतके बियाणे पुरे. कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवावे लागेल. फारच कमी निघाले तर दुसरे शोधावे लागेल. तो आकडा त्याच्याच हाताने वहीत लिहू द्या आणि यंदाची पेरणी त्या आकड्यावर ठरवा. दुबार पेरणीचे संकट टळायला त्याची मदत होईल. आणि आपण मोजले म्हणून घराने तसे केले, एवढे मोठे पदक त्याला कोणताही खेळ देणार नाही.